तो लगेच उठला

परवा संध्याकाळी फिरायला बाहेर पडले होते. ऊन उतरलं होतं, पण रस्ता अजून तापलेलाच होता. चपलेच्या तळातून धग वर येत होती. समोरून एक मुलगा पळत येत होता, कानात इअरफोन, हातात दोरी आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला त्याचा कुत्रा. तरणाबांड, दाट तांबूस केसांचा, बघत राहावा असा. त्याची जीभ पार बाहेर लोंबत होती, टोकाशी पसरट होऊन किंचित वर वळलेली. जबड्याचे कोपरे मागे ताणले गेल्यामुळे दुरून तो हसतोय असंच वाटत होतं. माझ्यापासून चार पावलांवर तो थांबला, रस्त्याकडेच्या झाडाखाली गेला आणि मागचे पाय फाकवून पोटावर सपशेल पडला. मुलाने दोरीला हलका हिसका दिला. "चल रे, आळशी झालायस तू," म्हणाला, तेही लाडानेच. कुत्रा उठला. लगेच उठला, शेपटी हलवत.

मी मध्ये बोलले. "अरे, जरा दम खाऊ दे त्याला. जीभ बघ त्याची." त्याने इअरफोन काढला. "काकू, ऊन गेलंय की आता," म्हणाला. मी त्याला हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून बघायला सांगितलं. त्याने वाकून हात टेकवला आणि चटकन उचलला. मग काही न बोलता तो कुत्र्याजवळ मांडी घालून बसला, बाटलीतलं पाणी ओंजळीत धरून त्याला पाजलं, उरलेलं त्याच्या पोटावर आणि पंजांवर ओतलं. बऱ्याच वेळाने दोघं सावलीसावलीने, चालत परत गेले. वाईट काहीच घडलं नाही. मुलगा समजूतदार होता, कुत्रा धडधाकट होता.

तरी ते उठणं माझ्या डोक्यातून जाईना.

त्याला उठवत नव्हतं आणि तरी तो उठला. आपल्याला ऊन सोसेना झालं की आपण कुरकुरतो, चिडतो, "आता बास" म्हणून मोकळे होतो. मुक्या जनावराला बोलता येत नाही, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण त्या कुत्र्याने सांगितलं होतं. पोटावर पडून, जितकं स्पष्ट सांगता येईल तितकं सांगितलं होतं. मालकाची हाक आली आणि त्याने स्वतःच्याच शरीराचं ऐकायचं सोडून दिलं. कुत्र्याच्या ज्या जीव लावण्याचं आपण एवढं कौतुक करतो, ते उन्हाळ्यात त्याच्याच जिवावर उठू शकतं, हा विचार मला फार जड गेला. ब्रिटनमधल्या प्राण्यांच्या दवाखान्यांतल्या लाखो नोंदी तपासून २०२० साली काही अभ्यास प्रसिद्ध झाले. उष्णतेने आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश कुत्रे चालून, पळून, खेळून त्या अवस्थेला पोचले होते. बंद गाडीत अडकलेले होते जेमतेम ५ टक्के. आणि या आजाराने दवाखान्यात आलेल्या सातांतला साधारण एक दगावला होता. हे आकडे वाचताना मला त्या सगळ्या कुत्र्यांचे मालक दिसत होते. त्यातल्या बहुतेकांनी प्रेमानेच चेंडू टाकला असेल. तो कुत्र्याने आणून परत पायाशी ठेवला असेल, पुन्हा टाक म्हणून.

कुत्र्याची धाप हे एक विलक्षण यंत्र आहे. आपल्या सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना येतो आणि एवढ्याशा ओलीने शरीर काही गार होत नाही. म्हणून सगळी भिस्त श्वासावर. एरवी मिनिटाला वीस-तीसच्या आसपास चालणारा श्वास धाप लागल्यावर तीनशेच्याही पुढे जातो. १९७० साली प्राण्यांच्या शरीरक्रियांचे अभ्यासक क्नूट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की धापा टाकणारा कुत्रा हवा मुख्यतः नाकाने आत घेतो आणि तोंडाने बाहेर सोडतो. नाकाच्या आतल्या ओलसर घड्यांवरून हवा जाते, तिथली वाफ आणि तिच्याबरोबरची उष्णता घेऊन ती तोंडावाटे निघून जाते. नाकानेच आत-बाहेर झाली असती तर जाता जाता तीच उष्णता तिथेच परत ठेवून गेली असती. हे वाचल्यापासून भुऱ्या धापा टाकायला लागला की मी त्याच्या नाकपुड्यांकडे बघत बसते. भुऱ्या म्हणजे आमचा म्हातारा कुत्रा. नाकपुड्या सारख्या थरथरत असतात आणि जिभेवरून बाहेर पडणारा वारा हाताला गरम, दमट लागतो. घरातली सगळ्यात मेहनती गोष्ट त्या वेळी तीच असते.

पण हे यंत्र वाफेवर चालतं आणि हवेतच ओल भरलेली असेल तर वाफ होणार कशी? म्हणून तापमापकावरचा आकडा बरा दिसतो, आभाळ भरून आलेलं असतं, आणि तरी कुत्रा नुसता तडफडत असतो. मला स्वतःला कोरड्या उन्हापेक्षा या दमट, कोंदट दिवसांची जास्त धास्ती वाटते. पंख्याचंही तसंच. पंखा आपल्याला गार करतो तो आपल्या घामावरून वारा घालून. कुत्र्याच्या कोरड्या केसांवरून नुसता वारा गेला तर त्याला फारसा दिलासा नाही. पोट, काखा, जांघा आणि पंजे ओले करून मग पंख्यासमोर बसवलं तर मात्र त्याचा चेहरा बदलतो. भुऱ्या तर तेव्हा डोळे मिटून नाक वर करतो.

पग, बुलडॉग, बॉक्सर यांच्यासारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांची गोष्ट मला बोलवत नाही. ज्या नाकाच्या घड्यांवर सगळा कारभार, ती जागाच आपण पिढ्यान्‌पिढ्या आवडीने आखूड करत आणली. त्यांचं घुरघुरणं लोकांना गोड वाटतं, त्याचे व्हिडिओ फिरतात. ती घुरघुर म्हणजे चिंचोळ्या वाटेतून हवा ओढण्याची धडपड असते. पर्शियन मांजरांचंही तेच. असं जनावर घरात असेल तर उन्हाळ्यात बाकीच्यांसाठी जे नियम, ते त्याच्यासाठी दुप्पट कडक. लठ्ठ, म्हाताऱ्या आणि हृदयाचं दुखणं असलेल्या प्राण्यांनाही तेच लागू. तोंडाला घट्ट मुसकं बांधून तर कुठल्याच कुत्र्याला उन्हात नेऊ नये; धापा टाकायला जबडा उघडावा लागतो.

माझ्या लहानपणी आमच्याकडे एक कुत्रा होता. त्याला ना पंखा ठाऊक, ना गार फरशी. अंगणात आजीने लावलेल्या झाडांच्या आळ्यांत तो उन्हाळाभर मुक्काम ठोकायचा. सकाळी आजी पाणी घालून गेली की हा पुढच्या पायांनी ओली माती उकरायचा, वरची कोमट माती मागे उडवायचा, आणि खालची काळी, थंड माती लागली की त्यात पोट टेकवून वेटोळं करायचा. आजी चिडायची, खड्डा बुजवायची. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा उकरायचा, नेमका तिथेच. असं बरेच दिवस चाललं. मग एकदा बघितलं तर आजी त्याच आळ्यात सगळ्यात आधी पाणी घालत होती, आणि रोजच्यापेक्षा जरा जास्तच. तोंडाने अखंड बडबड चालूच होती. मातीचा तो वास, पोटाला चिकटलेला चिखल, आणि मान टाकून झोपलेल्या त्या कुत्र्याची संथ वर-खाली होणारी बरगडी मला अजून आठवते. गारवा कुठे आहे हे जनावराला बरोबर कळतं. त्याला तिथपर्यंत जायची वाट मोकळी हवी, एवढंच. बांधून ठेवलेल्या कुत्र्याची सावली दुपारी सरकते आणि दोरी सरकत नाही, हे बघितलं की मला राहवत नाही. सकाळी सावलीत बांधलेला कुत्रा दुपारी भर उन्हात असतो. बांधणाऱ्याला वाटत असतं, आपण सावलीत बांधलाय.

मांजराला कुणी बांधत नाही, त्यामुळे ती आपली सोय आपण बघते. आमची मनी उन्हाळ्यात दिवसभर दिसतच नाही. पहाटे खिडकीत, मग पलंगाखाली, आणि दुपारी न्हाणीघरात, भिंतीला पाठ लावून, चारही पाय ताणून, नेहमीपेक्षा दीडपट लांब झालेली. अंग चाटणंही वाढतं. केसांवरची ती थुंकी सुकते तशी कातडी गार होते. आपल्याला नखरे वाटतात, तो तिचा घाम असतो. आपल्याला घाबरवणारी खूण वेगळीच आहे. कुत्र्याने जीभ काढून धापा टाकणं रोजचंच, पण मांजर तोंड उघडून धापायला लागलं तर ते रोजचं नव्हे. ते बघितलं की तिला गार जागी न्यायचं, आणि धाप चटकन उतरली नाही तर डॉक्टरांना गाठायचं. मांजरांचे पूर्वज वाळवंटी मुलखातले, त्यामुळे त्यांना तहान मुळात कमीच लागते. वाडगं भरलेलं आहे म्हणजे मांजर पाणी पितंय असं धरून चालता येत नाही. मनीसाठी मी घरात चार ठिकाणी पाणी ठेवते, खाण्यापासून लांब, पसरट भांड्यात. ओलं खाणं दिलं की त्यातूनही पाणी पोटात जातं. आणखी एक गोष्ट, गारव्याशी थेट संबंध नसलेली: उकाड्यात आपण सगळ्या खिडक्या सताड उघडतो, आणि उंच मजल्यांवरून मांजरं पडतात ती याच दिवसांत. जाळी बसवून घ्यावी. पक्ष्यामागे झेप घेताना मांजर मजला मोजत नाही.

शेजारी एक ससा आहे. पिंजरा गॅलरीत असायचा, मोकळी हवा लागावी म्हणून. सशाला घाम नाही आणि धापही नीट जमत नाही. जास्तीची उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे ते लांब कानच, त्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि कान तापतात. हवा तिशीच्या घरात गेली की ससा धोक्यात आलाच म्हणून समजावं, म्हणजे आपण ज्याला 'आज बरं आहे' म्हणतो त्या दिवशीसुद्धा. आता त्याचा पिंजरा आतल्या खोलीत असतो, शेजारी फडक्यात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली. तो तिला अंग लावून बसतो. पिंजऱ्यातले पक्षी उकडलं की पंख अंगापासून सुटे धरतात आणि चोच उघडी ठेवून गळा थरथरवतात. तेव्हा पिंजरा तिथून हलवावा आणि आंघोळीला उथळ पाणी द्यावं. आणि मासे. पाण्यातच आहेत, त्यांना कसलं ऊन, असं वाटतं. पण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले की हवेचे बुडबुडे वाढवावेत, टाकीवरचा दिवा बंद करावा. बर्फ मात्र टाकू नये. एकदम झालेला बदल त्यांना सोसत नाही.

उन्हाळा आला की कुणीतरी सांगतंच, केस भादरून टाका, बिचाऱ्याला मोकळं वाटेल. आपण लोकरीचा कोट घालून उन्हात बसलो तर कसं होईल या हिशेबाने ते बोलतात. भुऱ्यासारख्या दुपदरी केसांच्या कुत्र्याला हा हिशेब लागू होत नाही. वरचे लांब केस उन्हाचा मारा अडवतात, आणि आतली मऊ लव झडून, विंचरून निघाली की दोन थरांत हवा खेळते. भादरून टाकलं तर कातडी थेट उन्हाखाली येते आणि केस कित्येकदा पूर्वीसारखे येतही नाहीत. त्यापेक्षा विंचरायला बसावं. मी गच्चीत बसते, भुऱ्या समोर आडवा होतो, आणि कंगव्यातून राखाडी लवेचे पुंजके निघत राहतात, संपतच नाहीत. विंचरता विंचरता गोचिड्या सापडतात, एखादी जखम दिसते, कातडी कुठे लाल झाली असेल तर कळतं. या बसण्यात माझाही जीव रमतो.

डांबराचा आणि गाडीचा हिशेब वेगळा सांगायला हवा, कारण दोन्हींत आपला अंदाज हमखास चुकतो. हवा २५ अंश असताना उन्हातलं डांबर ५० अंशांच्या पुढे गेलेलं मोजलं गेलं आहे. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघायची. टेकवत नसेल तर ते पंजे तिथे टेकवायचे नाहीत. कुत्र्याचं पोट तर त्या धगीपासून वीतभर उंचीवर असतं. आपला चेहरा तिथून केवढा लांब. आणि गाडी. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढलं, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. "दोन मिनिटांत येते" म्हणून आपण आत जातो, तिथे रांग असते, कुणीतरी ओळखीचं भेटतं. काचेमागचा कुत्रा दाराकडे डोळे लावून बसलेला असतो, आपण येणार या खात्रीने.

काही वर्षांपूर्वी भुऱ्याला तपासताना आमच्या डॉक्टरांनी एक गोष्ट मनावर ठसवली. ताप आणि उष्माघात यांत गल्लत करू नका, म्हणाले. तापात शरीर आपणहून पारा वर नेऊन ठेवतं. उष्माघातात शरीर पारा खाली आणायला जिवाच्या आकांताने झटत असतं आणि हरत असतं. म्हणून तिथे तापाची गोळी उपयोगाची नाही. आणि घरातली पॅरासिटामॉल तर मांजरासाठी विषच. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ते ४१ च्या वर गेलं की आतडी, मूत्रपिंडं, मेंदू, रक्त गोठण्याची क्रिया, सगळंच बिघडायला लागतं. त्यांनी भुऱ्याचा ओठ उचलून मला हिरडी दाबायला लावली. बोटाखाली पांढरा ठिपका उमटला आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी झाला. "हा रंग लक्षात ठेवा," म्हणाले. "लालभडक दिसली, लाळ चिकट झाली, चाल लडखडली, उलटी झाली, तर आधी पाणी ओता, मग गाडी काढा."

आधी पाणी, मग गाडी. पूर्वी उलट सांगायचे: गार पाण्याने रक्तवाहिन्या आवळतात, कोमट फडकं घाला आणि दवाखान्यात पळा. आता सल्ला बदलला आहे, कारण वाटेत गेलेली मिनिटंच जीव घेतात. तरुण, निरोगी कुत्रा असेल तर डोकं वर धरून त्याला गार पाण्यात बसवायचं. म्हातारा, आजारी असेल तर अंगावर पाणी ओतत राहायचं आणि वारा घालायचा. ओला टॉवेल पांघरून ठेवायचा नाही. थोड्या वेळात तो कोमट होतो आणि उष्णता आत कोंडतो. शुद्धीत असेल तर पाणी पुढे ठेवायचं, घशात ओतायचं नाही. तापमापक असेल तर साडेएकोणचाळीसच्या आसपास आल्यावर ओतणं थांबवायचं, नाहीतर शरीर गरजेपेक्षा जास्त थंड पडतं. मग गाडीच्या काचा उघड्या ठेवून दवाखाना. कुत्रा उठून बसला, शेपटी हलवली, तरीसुद्धा. आतल्या अवयवांना झालेली इजा कधीकधी एक-दोन दिवसांनी वर येते.

हे सगळं ठाऊक असूनही उन्हाळा मला अवघड जातो. भुऱ्याला फिरणं म्हणजे जगणं आहे. दुपारी चारच्या सुमाराला तो दोरी लटकवलेल्या खुंटीखाली येऊन बसतो, एकदा खुंटीकडे बघतो, एकदा माझ्याकडे. बाहेर रस्ता भाजत असतो. "अजून नाही," मी म्हणते. तो कान पाडून तिथेच आडवा होतो आणि मोठा सुस्कारा सोडतो. मला माहीत असतं की मी त्याच्या भल्याचंच करतेय, आणि त्याच्या दृष्टीने मी त्याचा दिवसातला एकमेव आनंद अडवून धरलेला असतो. दोन्ही खरं आहे. अशा वेळी मी घरातल्या घरात खाऊ लपवते, तो हुंगत हुंगत शोधतो. नाकाने शोधण्यात कुत्रा चांगलाच दमतो आणि अंग फारसं तापत नाही. पण शोधून झाला की पुन्हा खुंटीखाली.

येत्या आठवड्यात मला काही दिवस बाहेरगावी जायचंय. भाची राहायला येणार आहे. काल ती येऊन सगळं समजून घेऊन गेली. पाण्याची भांडी कुठे कुठे, दिवसातून किती वेळा बदलायची, भुऱ्याचं फिरणं पहाटे आणि रात्री उशिरा, मनीची जाळी, डॉक्टरांचा नंबर फ्रीजच्या दारावर, रात्री उघडा असणाऱ्या दवाखान्याचा त्याच्या खाली. तिने हिरडी दाबून बघितली, भुऱ्याने निमूटपणे बघू दिली. निघताना दारात थांबून तिने विचारलं, "मावशी, पण त्याने हट्टच केला तर? दमलाय हे मला दिसतंय, आणि हा पुढे ओढतोच आहे, असं झालं तर?"

"तू खाली बस," मी म्हटलं. "तू बसलीस की तो बसतोच."

"रस्त्यातच?"

"सावली बघून बस."